सव्वादोन वर्षांची वाट

गेल्या अंकात ‘सुट्टीत काय वाचू?’ असं विचारणाऱ्या एका मुलाला मी जाता जाता जो हॉल्डमन यांची ‘द फॉरेव्हर वॉर’ सुचवली होती. एका ओळीत. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की संपादकांनी ती रबर लावून खाकी पाकिटात घालून पाठवली आणि वर लिहिलं, ‘बाई, हे आता तुम्हीच निस्तरा.’ तेव्हा या वेळी ‘बाईंना विचारा’मध्ये फक्त हीच कादंबरी. सूर्यावरचे डाग आणि दूध उतू का जातं, हे प्रश्न पुढच्या महिन्यात.

ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कादंबरी १९७४ची. विल्यम मॅन्डेला हा भौतिकशास्त्र शिकणारा मुलगा १९९७ साली सक्तीने सैन्यात ओढला जातो. शत्रू म्हणजे टॉरन नावाचे परग्रहवासी. जहाजं प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जातात, त्यामुळे मॅन्डेलाचे काही महिने जातात तेव्हा पृथ्वीवर दशकं उलटतात, पुढे शतकं. तो घरी येतो, तिथे त्याचा जीव लागत नाही, पुन्हा लढायला जातो. शेवटच्या लढाईहून तो परततो तेव्हा साल असतं ३१३८. शेवट मी खाली फोडणार आहे. ज्यांना तो चालत नाही त्यांनी इथेच थांबावं, राग नाही.

नेटवर या कादंबरीच्या प्रतीकांचा तक्ता मिळाला. टॉरन म्हणजे व्हिएतनामी, अंतराळसैन्य म्हणजे अमेरिकी लष्कर, वगैरे. परीक्षेत हा लिहिला तर चालेल का? (एम. ए. इंग्रजीची विद्यार्थिनी, पुणे)

मार्क मिळतील. पण तक्ता लिहून झाला की पुस्तक मिटतं, आणि हे पुस्तक मिटण्यासारखं नाही.

व्हिएतनाम आहेच त्यात, लेखकाने कधी लपवलेलं नाही. हॉल्डमन भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राचे पदवीधर. १९६७ साली त्यांना सैन्यात बोलावणं आलं, १९६८मध्ये ते व्हिएतनाममध्ये कॉम्बॅट इंजिनिअर होते, तिथे जखमी झाले. नायकाचं नाव नीट बघ: हॉल्डमन आणि मॅन्डेला, अक्षरं जवळजवळ तीच, फक्त पत्त्यांसारखी पिसलेली. नायिका मॅरीगे पॉटर हे तर त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव. इतकं उघड.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दुसऱ्या महायुद्धातला सैनिक जहाजाने परतायचा. आठवडे लागायचे, सोबत आपली माणसं असायची, डेकवर बसून बोलून घ्यायची. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकाची नेमणूक साधारण वर्षाची, आणि प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या तारखेला संपायचं. तो एकटाच जेट विमानात बसायचा आणि एकदोन दिवसांत चिखलातून थेट आईच्या स्वयंपाकघरात. आपण वर्षभर नव्हतो, पण इथे दहा वर्षं गेल्यासारखी वाटतात, असं त्याला होणारच. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, ही सापेक्षतेची अडचण बरेच विज्ञानकथाकार काहीतरी युक्ती काढून टाळतात. हॉल्डमननी टाळली नाही. ‘दहा वर्षं गेल्यासारखी वाटतात’ यातलं ‘सारखी’ त्यांनी पुसलं आणि खरीच वर्षं घालवली. प्रतीक म्हणजे एका गोष्टीऐवजी दुसरी ठेवणं. इथे ऐवजी काहीच नाही, सरळ गणित आहे.

तक्त्यात नसलेल्या दोन जागा सांगते, त्या लिही. पहिली, सक्तीची भरती. अमेरिकेत तेव्हा कॉलेजात असलेल्या मुलांना भरती पुढे ढकलता यायची, म्हणून गरिबांची पोरं आधी जायची. शिवाय १९६६मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी ‘प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड’ काढला. सैन्याच्या बौद्धिक चाचणीत जे आधी नापास ठरायचे, त्यांनाही घ्यायला सुरुवात झाली. असे तीन लाखांहून जास्त गेले. कादंबरीत हे बरोबर उलटं आहे: कायद्याने बुद्ध्यंक दीडशेच्या वरचीच मुलं उचलायची. वाचताना हसू येतं, मग लक्षात येतं की मरणारा हुशार असल्यावरच आपल्याला चटका बसतोय.

दुसरी जागा म्हणजे पहिलंच पान. सार्जंट वर्गात उभा राहून आवाज न करता माणूस मारण्याचे आठ प्रकार शिकवतोय. सार्जंट दिसायला मॅन्डेलापेक्षा पाच वर्षांनीही मोठा वाटत नाही. आणि शत्रू तर माणूस नाहीच! तो कसा दिसतो, हे त्या खोलीतल्या कुणालाच माहीत नाही. त्याला नावही दिलंय ते वृषभ राशीवरून, कारण पहिली चकमक रोहिणीच्या तिकडे झाली असं मानतात. चेहऱ्याआधी नाव ठरलं आणि नावाआधी मारण्याची पद्धत.

मी पेन्शनर माणूस. नातवाने गोष्ट वाचून सांगितली. लेखकाला फौजेतलं खरंच कळतं का, की टेबलावर बसून लिहिलंय? (निवृत्त सुभेदार, कोरेगाव)

सुभेदारसाहेब, रामराम. कळतं. तुम्हाला पटतील अशा खुणा देते. लढाई पानभर, आणि थांबणं, सामान मोजणं, दुरुस्ती, कंटाळा हे पानंच्या पानं. शिक्षणातच माणसं मरतात, कारण गोळ्या खऱ्या. प्लूटोच्या पलीकडच्या कॅरन नावाच्या ग्रहावर शिक्षण चालतं. पोशाखाच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारी पाती असतात, गोठलेल्या वायूवर पाठीवर पडलं की स्फोट. शत्रूची गरजच नाही. (कॅरन हा ग्रीकांच्या वैतरणीवरचा नावाडी. हे नाव कादंबरीने आधी वापरलं, प्लूटोचा खरा चंद्र १९७८मध्ये सापडला आणि त्यालाही तेच नाव मिळालं.)

अजून एक खूण. अधिकाऱ्याला शिवी देऊन शेवटी ‘सर’ म्हणायचं, अशी तिथे सक्ती आहे. मनोधैर्यासाठी! शिवीसुद्धा ऑर्डरीने द्यायची म्हटल्यावर शिपायाकडे स्वतःचं काय उरलं?

आणि पहिल्या मोठ्या लढाईआधीचा प्रसंग. टॉरनांनी बायकापोरांवर केलेल्या अत्याचारांच्या खोट्या आठवणी संमोहनाने शिपायांच्या डोक्यात घातलेल्या असतात. सार्जंट ठरलेले शब्द उच्चारतो आणि सगळ्यांचं रक्त उसळतं. मॅन्डेला शिकलेला आहे, हे खोटं आहे हे त्याला त्या क्षणीही माहीत असतं, तरी उसळतं. समोरचे टॉरन धड प्रतिकारही करत नाहीत. संमोहन उतरल्यावर त्याला जे होतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला लिहून सांगायची गरज नसावी.

आता घरचं. माझे वडील मराठा पलटणीत नायक होते. १९७१च्या ऑगस्टात गेले, ते १९७३च्या दिवाळीला रजेवर आले. मध्ये दोनदा रजा मंजूर होऊन रद्द झाली. बाहत्तरचा दुष्काळ सगळा त्या मधल्या काळात. ते आले तेव्हा पाऊस होऊन गेला होता, ओढा वाहत होता, शिवार हिरवंगार. काळी ट्रंक ओसरीवर ठेवून ते म्हणाले, “यंदा झकास आहे की!” कुणी काही बोललं नाही. जेवताना माझा धाकटा भाऊ आईला म्हणाला, “आज मिलो नाही ना?” वडिलांनी विचारलं, मिलो म्हणजे काय? लाल मिलो ही रेशनची ज्वारी, सुकडी, खडीचं काम, हजेरीपत्रक, हे सगळे शब्द आमच्या घरात त्यांच्यामागे येऊन राहिले होते. आईच्या उजव्या तळहाताला हातोड्याचा घट्टा होता. पत्रात कधी लिहिलं नव्हतं. लिहून तरी काय, ते तिकडे काय करणार होते? त्यांनीही तिकडचं काही सांगितलं नाही. दोघं एकमेकांना जपत होते आणि आम्ही पोरं ताटातली भाकरी मोडत होतो.

मॅन्डेला पहिल्यांदा पृथ्वीवर येतो तेव्हा तिथे चलन म्हणजे कॅलरी. पगार कॅलरीत, भाव कॅलरीत. पुढे आई आजारी पडते, पण सत्तरी ओलांडलेल्यांपैकी कुणावर उपचार करायचे हे सरकार ठरवतं, आणि तिच्या वाट्याला शून्य आलेलं असतं. मुलाकडे साठलेला पगार बक्कळ, पण तो उपयोगाचा नाही. हे प्रकरण मी कॉलेजच्या ग्रंथालयात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परग्रह वगैरे काही दिसलं नाही, आमची ओसरी दिसली.

ही तर आपल्या रेवतीची गोष्ट! पुराणात आधीच आहे. मग यात नवीन काय? (कीर्तनकार, वाई)

बुवा, हे पत्र वाचून मी चहा बाजूला ठेवला. बरोबर धरलंत. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चालू असतं, म्हणून जरा थांबतो. तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटतात, मनात धरलेल्या वरांची नातवंडं-पतवंडंसुद्धा उरत नाहीत. ब्रह्मदेव म्हणतो, आता बलरामाला दे.

पण याच्यापुढचा भाग तुम्ही कीर्तनात घेता का? रेवती जुन्या युगातली, म्हणून फार उंच. या युगातली माणसं खुजी झालेली. तेव्हा बलराम नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या मापाची करतो, आणि मग लग्न. परत आलेल्याला नव्या काळाच्या मापात बसवायचं, ही त्यातली खरी मेख. हॉल्डमनमध्ये तोच नांगर आहे. शेवटी माणसं एकाच साच्याच्या प्रती झालेली असतात, सगळ्यांचं मिळून एकच मन. ‘आम्ही’ असं नाही म्हणत, स्वतःला नुसतं ‘मॅन’ म्हणवतात. परतलेल्या सैनिकांना हवं तसं बदलून देण्याची सोय ते ठेवतात. मॅन्डेला बदलत नाही. त्याच्यासारख्यांसाठी एक ग्रह बाजूला ठेवलाय, जुनं बियाणं म्हणून. आपण देशी वाण जपून ठेवतो ना कणगीत, तसं.

नवीन काय ते विचारलंत. ककुद्मी गाणं ऐकायला थांबला होता. मॅन्डेलाला ऑर्डर होती.

स्टेसिस फील्ड ही कल्पना कळली नाही. तलवारी कशाला? (इंजिनिअर, नाशिक)

एक घुमट. त्याच्या आत सेकंदाला १६.३ मीटरपेक्षा जास्त वेगाने काहीच हलू शकत नाही. म्हणजे लेझर नाही, बंदुकीची गोळी नाही, वीज नाही. पोशाखाला खास लेप नसेल तर मेंदूतले संदेशही बंद, तिथल्या तिथे मृत्यू. हलू शकतात ते हात. म्हणून हजार वर्षांपुढचे सैनिक आत तलवारी, ढाली, धनुष्यबाण घेऊन उभे. भौतिकशास्त्र म्हणून हे टिकत नाही, मी विद्यार्थ्याला शून्य दिलं असतं. कथेत मात्र चोख बसतं: शास्त्र इतकं पुढे गेलं की फिरून भाल्यावर आलं.

सैन्यातल्या बायकांचं आणि समलिंगी व्यक्तींचं चित्रण मला खटकलं. मी एकटीच का? (गृहिणी, डोंबिवली)

एकट्या नाही. सैन्यात बायका पुरुषांच्या बरोबरीने लढतात, १९७४साठी ते चांगलंच. पण रात्री कुणी कुणाकडे झोपायचं याचं पत्रक लागतं, बायकांनी नाही म्हणायचं नाही हा रिवाज आणि कायदाही, आणि मॅन्डेला हे हवापाण्यासारखं सांगून पुढे जातो. काही समीक्षक म्हणतात, हा उपरोध आहे. असेल. मॅरीगेने ते प्रकरण लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं, एवढंच मला कुतूहल.

दुसऱ्या मुद्द्याला दोन बाजू आहेत. लोकसंख्या आवरायला सरकार समलिंगी संबंधांना उत्तेजन देतं. पुढे सगळी पलटणच समलिंगी, आणि मेजर मॅन्डेला तेवढा ‘विचित्र’, पाठीमागे त्याला टोपणनाव पडलेलं. बहुसंख्य वाचकाला अल्पसंख्य करून बसवण्याची ही युक्ती मला अजून आवडते. पण माणसाचा कल नळासारखा इकडून तिकडे फिरवता येतो, असं पुस्तक सहज धरून चालतं, ते आज वाचवत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती डिसेंबर १९७३मध्ये, कादंबरीच्या जेमतेम आधी. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१८चा. तेव्हा लेखकाला फटकारताना आपणही जरा मान खाली घालू.

कोणती आवृत्ती घ्यावी? (बरेच जण)

१९९७ची किंवा नंतरची, ज्यात सुरुवातीला लेखकाने ‘हीच पूर्ण आवृत्ती’ असं म्हटलंय. मॅन्डेला पृथ्वीवर परततो तो मधला भाग, ही कादंबरी आधी ज्या मासिकात आली त्याच्या संपादकांना फार उदास वाटला होता, म्हणून लेखकाने त्याजागी दुसरा लिहून दिला आणि पुस्तकातही तोच गेला. मूळ भाग नंतर परत आला. व्हिएतनामवरची विज्ञानकथा कोण वाचणार म्हणून अठरा प्रकाशकांनी ही नाकारली होती, असं हॉल्डमन सांगतात. पुढे नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले.

शेवट फिल्मी वाटला. एवढं सगळं झाल्यावर नायक-नायिका भेटतात आणि मूल होतं? (दोन वेगवेगळ्या पत्रांतून, सांगली आणि दुबई)

आधी त्याच्या अलीकडचं पाहा. मॅन्डेला परत येतो तेव्हा कळतं की युद्ध कधीच संपलंय, आणि ते गैरसमजातून सुरू झालं होतं. सुरुवातीची जहाजं अपघाताने हरवली होती, लढाईला आसुसलेल्या जुन्या सेनाधिकाऱ्यांनी खापर टॉरनांवर फोडलं. १९६४च्या ऑगस्टमधल्या टोंकिनच्या आखाताची आठवण न होणं अवघड. ४ तारखेला आपल्या जहाजांवर जो हल्ला झाल्याचं सांगून अमेरिकेने युद्धाचा ठराव केला, तो हल्ला झालाच नव्हता. कादंबरीत हे अकराशे वर्षं चालतं, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलताच येत नाही. टॉरनही एकाच मनाच्या प्रती. माणसं तशीच झाल्यावर कुठे बोलणं सुरू होतं. पहिला प्रश्न: हे तू का सुरू केलंस? उत्तर: मी?

म्हणजे शांतता आली, पण जिच्यासाठी लढलो ती माणूसजात संपल्यावर. याला फिल्मी म्हणायचं असेल तर तो सिनेमा मला दाखवा.

आता भेट. मॅरीगेची आणि त्याची नेमणूक वेगवेगळ्या आघाड्यांवर झालेली, दोघांच्या घड्याळांत शतकांचा फरक पडणार हे दोघांना ठाऊक. तो परततो तर तिची चिठ्ठी, अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीची. ती म्हातारी होऊन वाट पाहत नाही. माजी सैनिकांनी मिळून घेतलेल्या जहाजात ती बसलीय. ते पाच प्रकाशवर्षं जातं, परत येतं, पुन्हा जातं. दर दहा वर्षांत तिचं वय महिन्याने वाढतं.

इथे मी खडू हातात घेते. दहा वर्षांचे महिने १२०. म्हणजे काळ १२० पट आखडला. ९९ टक्के प्रकाशवेगाने तो फक्त सातपट आखडतो. १२० पटीसाठी वेग लागेल प्रकाशाच्या ९९.९९६५ टक्के, आणि त्या वेगाने पाच प्रकाशवर्षं जाऊन परत यायला दहाच वर्षं लागतात. हिशोब जुळतो. ती एकूण २६१ वर्षं थांबली, म्हणजे तिचे सव्वीस महिने. जवळजवळ सव्वादोन वर्षं. आमच्या आईनेही तेवढीच काढली होती, पण तिला जहाज नव्हतं, म्हणून तिची ती सव्वादोनशेसारखी गेली असणार.

जे गणित त्यांना आयुष्यभर तोडत आलं, त्याच गणितावर ती त्याला गाठते. दैव नाही, योगायोग नाही. म्हणून मला हा शेवट फुकटचा वाटत नाही.

आणि ते थांबण्याचं ठिकाण! तो ग्रह ज्या ताऱ्याभोवती फिरतो तो मिझार. वाईच्या बुवांनी हे खास लिहून घ्यावं. मिझार म्हणजे आपल्या सप्तर्षींमधला वसिष्ठ, ज्याच्याशेजारी लग्नात नवरीला अरुंधती दाखवतात. हॉल्डमनना हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही. ग्रहाचं नाव मात्र त्यांनी अस्सल शिपाईगडी ठेवलंय: मिडल फिंगर. त्याचा अर्थ घरातल्या कॉलेजच्या मुलाला विचारा, मी या स्तंभात लिहिणार नाही.

शेवटच्या पानावर त्या ग्रहावरच्या वर्तमानपत्रातली छोटी बातमी आहे, तारीख १४ फेब्रुवारी ३१४३. बहुतेक जण ती घाईत वाचतात. बाळंतपण केलं त्या डॉक्टरणीचं नाव बघा: डायना अल्सेव्हर-मूर. अल्सेव्हर ही मॅन्डेलाच्या पलटणीतली डॉक्टर, आणि मूर हे त्याच्या हाताखालच्या चार्लीचं आडनाव. दोघंही त्या समलिंगी पलटणीतले. म्हणजे चार्लीने आणि तिने स्वतःला बदलून घेतलं आणि जोडीने इथे राहिले. नांगर कुणावर चालला ते एका जोडआडनावात सांगितलंय, त्यावर एक शब्द जास्त नाही. त्यांच्याबद्दल आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे इतक्या वेळा वाचूनही माझं ठरलेलं नाही.

मुलगा झाला. वजन ३.१ किलो. नाव अजून ठेवलेलं नाही.